आंब्यावरचं बिऱ्हाड

मिस्त्रींना लाकडातलं सगळं कळे, पण ते मेल्यानंतरचं. त्यामुळे सुतारखान्याच्या दारातल्या जित्याजागत्या आंब्यावर ऑर्किडची मुळं पसरलेली दिसताच त्यांनी निदान केलं, की हे झाडाचं रक्त पितंय. माळ्यावर लेकीबरोबर राहणाऱ्या घरजावयाबद्दलही त्यांचं निदान हेच होतं.

हे बांडगूळ नव्हे, असं जावयाने परोपरीने सांगून पाहिलं. फांदीला नुसतं धरून राहतं, पावसाचं, हवेतलं पाणी पितं, झाडाचा थेंब घेत नाही. मिस्त्री म्हणाले, घरजावयाने दुसरं काय सांगावं.

एका सकाळी ते लाकूड तासायचा वाकस घेऊन शिडीवर चढले.

"आधी हे उतरवतो जावईबापू, मग तुमची ट्रंक."

आणि मुळांसकट साल तासायला लागले, बुंध्याभोवती गोल, गिऱ्हाइकाचं काम असावं इतक्या सफाईने. खाली चीक ठिबकू लागला.

जावयाने त्यांचा पाय धरला. मिस्त्रींनी दुसरा पाय त्याच्या तोंडावर हाणला. दात पडला, पण पकड सुटली नाही. आशीर्वादासाठीसुद्धा इतका वेळ कोणी पाय धरत नाही. मग वाकसाचा दांडा त्याच्या टाळूवर बसला. खात्रीसाठी पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी वाकस हातातच फिरला आणि पातं मिस्त्रींच्या स्वतःच्या मांडीत हाडापर्यंत रुतलं. सासरा, शिडी, वाकस, असे सगळे मानाच्या क्रमाने जावयाच्या अंगावर आले.

लेकीने ओढणीने मांडी करकचून आवळली, दोघांना मिळून एकच शिवी दिली आणि वाटून घ्या म्हणाली.

दवाखाना चढावर होता. जावयाने सासऱ्याला पाठुंगळी घेतलं. स्वतःचं रक्त छातीवर, सासऱ्याचं कमरेवर, असा तो निघाला.

अर्ध्या चढावर कानाशी आवाज आला, "जड होतोय का रे?"

"नाही बाबा. नुसते धरून बसा."

पाय वाचला. आंबा गेला, सभोवार साल सोलल्यावर झाड जगत नाही. पानं झडली तेव्हा मिस्त्री लंगडत कुऱ्हाड घेऊन आले आणि वर बघतच राहिले. वाकसाच्या तावडीतून सुटलेला ऑर्किडचा एक झुबका सुकल्या फांदीवर खुशाल फुलला होता.

"आता कुणाचं पितंय हे?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी कुऱ्हाड जावयाच्या हातात दिली.

"आत ठेव. खोड राहू दे."

ट्रंक माळ्यावरच राहिली. दाताचा विषय मात्र लेक अजून रोज जेवताना काढते.