डोरोतेआताईंची साक्ष

सरकारी माणूस न कळवता येईल, हे वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं. माझा नवरा एलिसेओ सलग दोन वर्षं पूर्ण वेळ पाळकाचंच काम करतोय ना, आणि चर्च त्याला पगार देतंय ना, एवढंच तो बघणार. बाहेर कुठे कमावताना आढळला तर कायमच्या व्हिसाचा अर्ज बुडाला. मग होंडुरासला परत, माझ्या भावाला जिथे गोळ्या घातल्या त्याच गल्लीत. पण एलिसेओला पगार मिळत होता, दुसरं काम तो करत नव्हता. सगळं खरं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. मूर्खच मी.

तो सरकारी माणूस आला तेव्हा आम्ही बायका चर्चच्या स्वयंपाकघरात रविवारच्या विक्रीसाठी केळीच्या पानांत मक्याच्या पिठाचे तमाल बांधत होतो. पोरगेलासा, गोड हसणारा, आमच्याच भाषेत बोलणारा. डोरोतेआताईंनी त्याला बसवून घेतलं, गरम तमाल वाढला. एलिसेओ एका आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला गेला होता. मी त्याला फोन लावत राहिले.

आमच्या डोंगरातल्या गावांत पाळक दिवसा कॉफीच्या मळ्यात राबतो आणि संध्याकाळी उपदेश करतो. पगार घेणाऱ्याला लोक फुकटखाऊ म्हणून हिणवतात. ताईंना ह्यूस्टनमध्ये इतकी वर्षं झाली, तरी ते डोक्यातून गेलं नव्हतं. चर्च पगार देतं हे त्यांना ठाऊक होतं. पण परक्यासमोर त्या ते झाकत, घरातली लाज झाकावी तसं.

त्याने खाता खाता विचारलं, पाळकांचा पगार कोण देतं?

"पगार कसला, बाळा? आमच्या पाळकांनी कुणाचा छदाम घेतलेला नाही. स्वतःच्या हातांनी राबून खातात. माझ्या न्हाणीघराच्या फरशा त्यांनीच बसवल्या."

दुसरी म्हणाली, माझ्या ओट्याच्याही. तिसरीने छपराचं सांगितलं. कौतुकात कुणी मागे राहीना. पुरानंतर सगळ्यांचीच घरं खचली होती, एलिसेओने ते फुकट केलं, मी म्हणाले.

"तुम्ही त्यांच्या पत्नी ना?" त्याने हसून विचारलं आणि पुन्हा ताईंकडे वळला.

तेवढ्यात एलिसेओ आला. आजाऱ्याच्या दारातली मोडकी पायरी लिंपून आला होता, पँटच्या गुडघ्यांना ओलं सिमेंट. त्या माणसाची नजर गुडघ्यांवरून हलेना. एलिसेओने शांतपणे सांगितलं, की तो बाहेर कुठेही कमावत नाही, चर्च त्याला दर महिन्याला पगार देतं.

डोरोतेआताई मायेने हसल्या. "बघ, किती नम्र माणूस आहे. आपलं कौतुक नको म्हणून खोटंसुद्धा बोलतो."

मग मात्र त्या माणसाने पेन काढलं. एलिसेओ कागद आणायला धावला, मी खुणावल्यावर ताईंनी, का ते न समजताच, घाईघाईने आपले शब्द मागे घेतले. जितकं सावरलं तितकं ते शिकवलेलं वाटत गेलं. निघताना त्याने तमालबद्दल सगळ्यांचे आभार मानले.

त्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी डोरोतेआताई साक्ष द्यायला, देवाने काय भलं केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभ्या राहिल्या. सरकारने विचारलं तरी मी आपल्या पाळकांची मान खाली जाऊ दिली नाही, म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं.

व्यासपीठावरून एलिसेओनेही म्हटलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला ती गल्ली दिसली.