गाण्यापायी गेलेलं बोलणं

मी एक जुना मोबाईल आहे. काचेला तडा गेलाय, बॅटरी दुपारीच मान टाकते. पण माझे कान अजून तिखट आहेत, मित्रांनो. वडशाच्या बाजारात खुशबूच्या हाती आलो, तेव्हा मी आधीच कुणाचा तरी वापरून झालेला होतो. तिने मात्र मला ओढणीने पुसून पुसून जपलं.

हिवाळ्यात आमच्या भागात गावोगाव नाटकं होतात. एका वर्षी कुणीतरी नाटकमंडळाचे मालक गुणवंतराव यांचं अख्खं नाटक चोरून टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. त्यांचे मंडप ओस पडले. त्यांनी तक्रार केली, व्हिडिओ इंटरनेटवरून काढला गेला, आणि तेव्हा मीही खूश झालो. कष्ट एकाचे आणि फुकटची मजा दुसऱ्याची, हा कुठला न्याय?

पुढे खुशबूने माझ्यावर गावाचं चॅनेल सुरू केलं. यंदा तिने शेजारच्या केसरबाईंना बोलतं केलं. त्यांची सून रीता पोटुशी, आठवा महिना लागलेला, आणि गावचं आरोग्य उपकेंद्र दिवाळीपासून कुलूपबंद. केसरबाई त्या कुलपासमोर उभ्या राहून बोलत होत्या, तेवढ्यात गुणवंतरावांच्या नाटकाची जाहिरात करणारी गाडी भोंग्यावर गाणं वाजवत आली. या गाडीला आमच्याकडे कुणी थांबवत नाही. उलट तिच्या येण्याने गावाला आनंद होतो.

"वाजू द्या बाई, आपल्या गावचं वाटते," खुशबू म्हणाली. चूक झाली ती इथेच.

व्हिडिओ जिल्हाभर फिरला. तालुक्याच्या आरोग्य खात्याच्या साहेबांनी उपकेंद्र पाहायला सोमवारी येतो असं कळवलं. रविवारी व्हिडिओ गायब! गाण्याच्या हक्कावरून तक्रार आली होती. चॅनेलवरच्या लग्नाच्या व्हिडिओंवर गाण्यांपायी अशा दोन तक्रारी आधीच होत्या. तिसरीत चॅनेलच बंद झालं, नवं काढायलाही मनाई. साहेब काही आले नाहीत.

खुशबू तडक गुणवंतरावांकडे गेली. "भाऊ, गाणं तुमच्या नाटकातलं. तक्रार काऊन केली?"

"मी नाई केली वं. गाणं मी गाण्याच्या कंपनीले देऊन टाकलं. तिथी मशीनच ओळखते अन् मशीनच काढते म्हणते."

"चोराले पकडा ना! केसरबाईनं काय चोरलं?"

"तुहं खरं आहे, पोरी. पण कायदा नसता तं माहं नाटक बुडालं असतं. मी कंपनीले लिहून देतो. पण माहं कोण आयकते?"

त्यांनी लिहून दिलं. उत्तर आलं नाही. मला दोघांचंही पटत होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

परवा केसरबाई आल्या. "लाव मोबाईल. गाणं नडलं ना? मी पुन्हा बोलतो." त्यांनी स्वतःच दारं-खिडक्या लावून घेतल्या. "माह्या सुनेले नववा लागला, साहेब. दवाखाना उघडा," असं त्या हात जोडून बोलल्या. चॅनेल उरलंच नाही, हे सांगायला खुशबूची जीभ रेटेना. तिने तो व्हिडिओ साहेबांच्या नंबरावर पाठवला.

"आता पाह्यतीन ना साहेब?" केसरबाईंनी विचारलं.

मित्रांनो, चोराला जरूर अडवा. पण कुणाचं बोलणं काढून टाकण्याआधी एखाद्या माणसाने ते एकदा ऐकावं, एवढंच माझं मागणं आहे. जिल्हा पाहत होता तेव्हा साहेबही पाहत होते. आता रीताचे दिवस भरत आले आहेत, आणि तो व्हिडिओ साहेबांनी अजून उघडलेला नाही.