दिराचा पेनड्राइव्ह

दीर रागावून घराबाहेर पडला, तेव्हा माझ्या लॅपटॉपच्या कुशीत खोचलेला आपला पेनड्राइव्ह तेवढा उपसून घेऊन गेला. सकाळी मी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

घरात त्याला सगळे तज्ज्ञ म्हणतात. लॅपटॉप माझा, लग्नाआधीचा. जुना झाला, रांगायला लागला, म्हणून तज्ज्ञांनी त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टिम बसवून दिली. पळायलाही लागला. फक्त पेनड्राइव्ह काढायचा नाही, असा हुकूम. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "वहिनी, ते टेक्निकल आहे."

ते टेक्निकल करता करता त्याने माझ्या फायली चाळल्या. त्यात दुसऱ्या शहरातल्या नोकरीसाठी केलेला माझा अर्ज होता. जेवताना त्याने तो सगळ्यांना सांगून टाकला, उद्याचं हवामान सांगावं तसा. मी म्हटलं, दुसऱ्याच्या कपाटात हात घालणाऱ्याला तज्ज्ञ म्हणत नाहीत, त्याला वेगळा शब्द आहे. झालं. ताट सरकवून उठला आणि मित्राकडे राहायला गेला.

त्याच नोकरीची परीक्षा उद्या दुपारी होती. कॅमेरा लावून, बंद खोलीत, एकटीने द्यायची. फोनवर चालत नाही, आणि नोंद याच लॅपटॉपची झालेली.

सासूबाई एकदम इतकं गोड बोलायला लागल्या की मला धास्तीच भरली. नवरा म्हणाला, फोन कर, सॉरी म्हण, येईल बिचारा. मी म्हटलं, तू कर. तर म्हणे, मी कशाला मध्ये पडू? मध्ये पडत नाही हो तो. नेमका वाटेत उभा असतो.

मग फोनवर शोधत बसले. माझ्यासारख्या अडलेल्यांनी आधीच ढीगभर बोंबा मारून ठेवल्या होत्या. बूट लोडर नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम असतो. मशीन जागं झालं की तो त्याचं बोट धरून सिस्टिमपर्यंत नेतो. तो बसवायचा लॅपटॉपच्या डिस्कवर. तज्ज्ञांनी बसवला होता स्वतःच्या पेनड्राइव्हवर. म्हणजे घर माझं, सामान माझं आणि उंबरठा याच्या खिशात. मुद्दाम नव्हे, चुकून. मुद्दाम केलं असतं तर निदान अक्कल तरी दिसली असती.

शेजारणीचा पेनड्राइव्ह मागितला, तिच्याच कॉम्प्युटरवर त्यात लिनक्स भरलं, घरी येऊन लॅपटॉप त्यावरून चालू केला. बूट लोडर डिस्कवर बसवायची कमांड दिली. उत्तर आलं: ईएफआय व्हेरिएबल्स इथे चालत नाहीत. पुन्हा दिली. तेच. एकेक अक्षर, एकेक टिंब तपासलं. तेच. सासूबाई डोकावून म्हणाल्या, असू दे गं, मोडलं ते मोडलं. मला रडू येणार होतं, पण त्यांच्या आवाजातलं समाधान ऐकलं आणि राग आधी आला.

पुन्हा त्या बोंबा वाचत गेले. एकाने लिहिलं होतं, निवडायच्या यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसता, एकदा यूईएफआय, म्हणजे मशीन उठवायची नवी पद्धत, हे बिरुद लावून. मी वरचा, नुसता घेत होते. त्यामुळे मशीन जुन्या पद्धतीने उठत होतं आणि नवं काम ऐकतच नव्हतं. खालचा निवडला. तीच कमांड. या वेळी कुरकूर नाही. शेजारणीचा पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं. काळा पडदा. अजून काळाच. मग माझी सिस्टिम आली.

लॅपटॉप बंद केला आणि भांडी घासायला घेतली.

संध्याकाळी नवऱ्याने भावाला आणलाच. त्याने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला, पाहुण्यासमोर भेटवस्तू ठेवावी तसा.

"आधी सॉरी म्हणा, वहिनी. मग लावतो."

मी लॅपटॉप उघडून बटण दाबलं. पेनड्राइव्ह टेबलावरच होता. सिस्टिम आली. तज्ज्ञांनी वाकून लॅपटॉपची एक बाजू बघितली, मग दुसरी.

"कुणी करून दिलं?" नवऱ्याने विचारलं.

"मी केलं."

सकाळपासून सगळे बिचाऱ्या लॅपटॉपसाठी हळहळत होते. तो उठून बसला, तर आनंद एकालाही झाला नाही.

"म्हणजे उद्या तू परीक्षेला बसणारच?" सासूबाई म्हणाल्या.

"बसणार, आई."

"दुपारी आतल्या खोलीत मी आडवी होते. आणि त्या दाराला आतून कडी पण नाही."

तेवढं मात्र खरं होतं. लग्न झाल्यापासून त्या खोलीत मी कपडे बदलत आले होते, एक हात दारावर दाबून धरून.

"तुम्ही उद्या बाहेर आडव्या व्हा," मी म्हटलं.

भावोजींचा पेनड्राइव्ह उचलून त्यांच्या हातात दिला, शेजारणीचा मुठीत घेतला आणि चपला घातल्या. तो परत करायचा होता. कडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, आणि शेजारणीकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे.