शिवेपलीकडची दुरडी

बसूला दात येत होते. पहाटेपासून किरकिर करून तो घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून नीलम्मा त्याला कडेवर घेऊन लवकरच रानात जायची. पाखरं दिसली की स्वारी गप्प. त्या दिवशीही ओढ्याकाठच्या वाळवटात त्याला बसवून ती गवताला वाकली, आणि समोरचं बोरीचं झुडूप तिला काळं दिसलं.

बोरीला काळी पानं? तिनं विळ्याच्या टोकानं फांदी हलवली. पानं खाली पडली आणि हळूहळू चालायला लागली.

नाकतोड्यांची पिल्लं तिनं काय कमी पाहिली होती! ती हिरवी नाहीतर मातकट असायची, एकेकटी असायची, पाय वाजला की उडून जायची. ही काळीकुट्ट होती. सकाळच्या गारठ्यानं आखडलेली, तरी एकमेकांना बिलगून बसलेली, आणि खाली पडली तशी सगळी एकाच दिशेनं निघालेली. नीलम्मानं बसूला झटक्यानं उचललं. गावच्या चावडीपुढं झालेली दवंडी तिला आठवली. टोळांची धाड वरून गेली आहे, काही टोळ वाळूत अंडी घालून गेले असतील. काळी पिल्लं घोळक्यानं चालताना दिसली तर पंख फुटायच्या आत चावडीवर इत्तला द्या, लपवील त्याला जाब विचारला जाईल.

घरी येऊन तिनं सासूला सांगितलं. सिद्धम्मानं आधी दार लोटलं.

"हळू बोल. सोमलिंगाला सांगितलंस?"

"न्हाय अजून. ते मोटंवर हायेत."

"सांगू पण नको. तो सरळ चावडीवर जाईल. मग सगळा गाव आपल्या रानात! चर खणायला बेगारी, वर साहेबाची घोडी. ज्वारी आत्ता कुठं गुडघ्याला लागलीय. आन् गळ्यात लिंग बांधून जिते जीव खड्ड्यात पुरायचे आपुन?"

"मग काय करायचं, आत्याबाई?"

"माझ्या सासूनं केलं तेच. दारात पाहुणी आलीय. तिची ओटी भरायची आन् शिवेपल्याड वाटंला लावायची."

त्या भागात बायका असंच करायच्या. गावात काही वाईट आलं की दुरडीत हळद-कुंकू, दहीभात, खणाचा तुकडा ठेवायचा, दुरडी गावाच्या हद्दीबाहेर नेऊन ठेवायची आणि मागं न बघता परतायचं. पलीकडच्या गावाचं काय, हे कुणी कुणाला विचारत नसे. पलीकडचं गावही आपली दुरडी कुठंतरी ठेवतच असे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघींनी झुडपं दुरडीत झटकली. पिल्लं थंडीनं जड झालेली, मोहरी ओतावी तशी ओतली गेली. सिद्धम्मानं त्यांच्यावर हळद-कुंकू टाकलं, वर जुनं लुगडं बांधलं. ओढा ओलांडून पलीकडच्या बांधावर दुरडी टेकवली तेव्हा नीलम्माचे पाय अडखळले.

"आत्याबाई, हे जमिलाबीचं रान."

"रान तामलवाडीचं. शीव ओलांडली, झालं. मागं बघू नको."

तिनं मागं बघितलं नाही. पण जमिलाबीचं रान ओळखायला बघावं कशाला लागतं? बसू झाला तेव्हा नीलम्मा तापानं फणफणली होती, दूध उतरतच नव्हतं. लेकराचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा बारीक होत गेला, तेव्हा हीच सिद्धम्मा पदर तोंडाशी धरून ओढ्यापलीकडं गेली होती. जमिलाबीनं आपल्या चाँदपाशाला एका बाजूला आणि बसूला दुसऱ्या बाजूला घेतलं. नीलम्माचा ताप उतरेपर्यंत ती रोज येत राहिली. वर थट्टा करायची, "नीला, तुझं पोरगं आता रडतं पण दखनीत गं! ऐक की!"

घरी आल्यावर नीलम्मा बसूला पाजायला बसली. तो तिच्याकडं बघून दुधाच्या तोंडानं हसला. तिनं त्याच्या डोळ्यांवर पदर ओढला. लेकरानं आपल्याकडं बघू नये, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

त्यानंतर ती ओढ्यावर धुणं न्यायची टाळू लागली. आडावर पाणी शेंदून हात सोलवटले तरी आडावरच धुवायची. शेवटी एके दिवशी जमिलाबीच दारात आली. ओंजळ मिटलेली, तोंड उतरलेलं.

"नीला, बघ गं हे. मालक म्हणतो नाकतोडे हायेत, जातील. माझ्या मनाला न्हाय पटत. बांधाकडची ज्वारी नुसते दांडे राहिलीय." तिनं ओंजळ उघडली. पिल्लं आता मोठी झाली होती, काळ्या अंगावर पिवळे पट्टे उमटले होते. "तुमच्याकडं हायेत का असली?"

सिद्धम्मा चुलीपाशी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"न्हाय गं आपा," नीलम्मा म्हणाली. "आमच्याकडं कुठं?"

"मग बरंय बाई. निदान तुमचं तरी वाचलं." जमिलाबी हे मनापासून म्हणाली आणि तशीच चावडीकडं गेली. भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दोनेक दिवसांत शेतकी खात्याचे साहेब वाडीत आले. आजूबाजूच्या गावांतली माणसं फावडी-कुदळी घेऊन बोलावली गेली. सोमलिंग निघाला तशी नीलम्माही बसूला घेऊन त्याच्या मागं निघाली.

"तू कशाला?" सोमलिंग म्हणाला.

"फांद्या हाणायला बाया लागतात म्हणं," ती म्हणाली.

जमिलाबीच्या बांधावर गर्दी जमली होती. वाडीचे पाटील, भीमाशंकर, सगळ्यांदेखत जमिलाबीवर तोंड टाकत होते.

"एवढी वाढेस्तवर काय झोपली होतीस? दवंडी ऐकली नव्हतीस? नवरा-बायको मिळून लपवून ठेवलंत!"

"लपवलं न्हाय, पाटील. दिसलं त्याच दिवशी आले चावडीला," जमिलाबी म्हणाली. तिचा नवरा महेबूब खाली मान घालून पायानं ढेकूळ फोडत होता.

साहेब खाली बसून माती चोळत होते. उर्दू मिसळलेल्या मराठीत ते म्हणाले, "पाटील, जरा सबर करा. ही काळी चिकण माती आहे. टोळ अंडी घालतो वाळूत. म्हणजे ही पिल्लं इथली नव्हेत. मूळ जागा सापडायला पाहिजे. आपण इथं चर खणून ही पुरू, पण तिकडं वाळूत उरलेली अंडी फुटत राहतील आणि महिन्याभरात पंख फुटून सगळी पुन्हा इथंच येतील. कुणाला ठाऊक आहे?"

पाटील म्हणाले, "हिलाच विचारा. हिनंच आणली असतील कुठनं तरी!"

चारदोन माणसं हसली. जमिलाबीनं मान वर केली आणि गर्दीवरून नजर फिरवली. नजर नीलम्मापाशी येऊन थांबली. कुणीतरी आपलं माणूस दिसल्यासारखी.

ती नजर नीलम्माला सोसवेना. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. नवऱ्यासमोर, परक्या गावच्या पुरुषांसमोर ती आजवर कधी तोंड उघडून बोलली नव्हती. आवाज फुटला तो घोगरा.

"म्या आणली."

"काय?" सोमलिंग वळला.

"आमच्या वाळवटात निघाली होती. दुरडीत घालून हितं ठेवली. आपाला ठाऊक न्हाय. ती विचारायला आली तवाबी म्या न्हाय म्हणलं." सासूचं नाव तिनं घेतलं नाही. दुरडी दोघींनी धरली होती, पण 'न्हाय' तिचं एकटीचं होतं.

पाटलांचं तोंड उघडंच राहिलं. साहेब तिला रागावले नाहीत. हेच तिला जास्त लागलं. ते फक्त म्हणाले, "जागा दाखवा, बाई."

दुपारपर्यंत नीलम्माच्या रानात गाव उतरलं. सिद्धम्मा म्हणाली होती तसंच झालं. गुडघ्याइतकी ज्वारी पायांखाली गेली. वाळू खणली तर खाली अंड्यांचे पुंजके, तांदळाच्या दाण्यांसारखे. सोमलिंग बायकोकडं पाठ करून खणत होता. सिद्धम्मा घराबाहेर आली नव्हती.

ओढ्यापलीकडं चर तयार झाला. बायका रांगेनं कडुनिंबाच्या फांद्या आपटत पिल्लांना चराकडं रेटत निघाल्या. नीलम्मानं बसूला पाठीशी बांधलं आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. जरा वेळानं शेजारची बाई सरकली आणि तिथं जमिलाबी आली. दोघी फांद्या आपटत पुढं जात राहिल्या. बांधाकडची ज्वारी संपलेलीच होती. मधली वाचेल असं साहेब म्हणाले होते.

"दुरडी ठेवलीस ते ठेवलीस," जमिलाबी पुढं बघतच म्हणाली. "आमच्या वाडीच्या बाया पण ठेवत्यात. पण दारात आले होते गं मी. हातात घेऊन आले होते."

"व्हय, आपा."

"तवा सांगितलं असतंस तर मधलीच काय, कडची पण वाचली असती."

नीलम्मानं फांदी उचलली आणि जमिलाबीच्या पावलाबरोबर पाऊल टाकत, पिल्लांचा काळा थर चराच्या काठापर्यंत रेटत नेला.