हरिप्रियाचा क

तिसऱ्या गुरुवारीही वही कोरीच आली, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज जेवणाआधी दहा मिनिटं आरशासमोर बसून दहा शब्द, एवढाच गृहपाठ दिला होता. बरोबर आला तर खूण, चुकला तर फुली. एकवीस दिवसांत ना खूण ना फुली. पानावर सांबाराचा एक डाग तेवढा होता, म्हणजे वही स्वयंपाकघरापर्यंत पोचत होती आणि तिथंच पडून राहत होती.

"विशालाक्षी," मी म्हटलं, "आठवड्यातला अर्धा तास ही पोरगी माझ्याकडे असते. बाकी सगळा आठवडा तुमच्याकडे. मी इथं अर्ध्या तासात जे शिकवते ते तुम्ही घरी नेऊन विसरवता. मग माझ्याकडे येता कशाला? रिक्षाची हौस आहे म्हणून?"

विशालाक्षी खाली बघत बसली. हरिप्रिया माझ्या टेबलावरचा आरसा घेऊन स्वतःलाच जीभ दाखवत होती.

मी मूळची मिरजेची. वाचादोषांवर उपचार करायचं शिक्षण म्हैसूरला घेतलं, आणि लग्न होऊन तंजावरात येऊन पडले. कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्याची मागची खोली मला दिली, त्याला आता पंच्याण्णव साली चार वर्षं होतील. चार वर्षांत एकही पोर माझ्याकडे वेळेवर आलेलं नाही. आधी जिभेला वेखंड उगाळून लावतात. मग कुणीतरी सांगतं की जिभेखालची शीर कापा. मग 'मुलगा आहे, उशिरा बोलतात' किंवा 'मुलगी आहे, लाडात बोलते'. सगळं करून थकले की मी. आणि आल्यावर पहिला प्रश्न, किती दिवसांत होईल? जणू मी शिंपी आहे.

हरिप्रिया मात्र पावणेपाच वर्षांची असतानाच आली होती, म्हणून मी जानेवारीत खूश झाले होते. कान तपासले, उत्तम. टाळू, जीभ, दात, काही दोष नाही. मग चित्रं दाखवली. कान दाखवला, ती म्हणाली 'तान'. गाडी, 'दाडी'. काक्का म्हणजे तमिळमध्ये कावळा, आणि तिच्यासारख्या इथल्या मराठी घरांतही तोच शब्द चालतो. कावळ्याचं चित्र बघून ती म्हणाली 'तात्ता'. आणि तात्ता म्हणजे आजोबा. मी अक्का, माझी झाली अत्ता.

म्हणजे क आणि ग जिभेच्या मागच्या बाजूनं निघायला हवेत, ते ती पुढच्या टोकानं दातांपाशीच उरकून टाकायची. फरक कळत नव्हता असंही नाही. मी मुद्दाम माझा कान धरून 'तान' म्हटलं, तर तिनं माझ्याकडे, ही बाई वेडी आहे का, अशा नजरेनं बघितलं आणि मलाच समजावलं, "तान नव्हे. तान." डोक्यात शब्द बरोबर होता, तोंडातून दुसराच पडत होता. साधा दोष. तीन-चार महिन्यांचं काम.

पण साधा दोष म्हणून सोडून द्यावा असं नव्हतं. नोव्हेंबरात एलकेजीच्या वर्गात तिला शौचाला जायचं होतं. त्याला इथं कक्कूस म्हणतात. ती उठून म्हणाली 'तत्तूस'. बाईंना कळेना. तिनं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि पोरीनं तिथंच उभ्या उभ्या कपडे खराब केले. त्या दिवसापासून शाळेत तोंडाला कुलूप. एक अक्षर नाही. आणि सकाळी आठपासून दुपारी घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही, म्हणजे जायलाच नको. हे विशालाक्षीनं मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पावणेपाच वर्षांच्या मुलीनं तहान मारून काढलेला हा उपाय ऐकून मी त्या रात्री नीट जेवले नव्हते.

म्हणून तर वहीचा इतका राग. दुसऱ्याच आठवड्यात क आला होता. तर्जनीनं जिभेचं टोक खाली दाबून धरायचं आणि 'का' म्हणायचं, म्हणजे पुढची वाट बंद झाली की जीभ झक मारत मागून उठते. पोरगी हुशार. स्वतःचं बोट स्वतःच्या तोंडात घालून 'का, का, का' करत दवाखानाभर फिरली. आणि पुढच्या गुरुवारी परत 'ता'.

"खरं सांगा," मी विशालाक्षीला म्हटलं, "अडतंय कुठं?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ह्यांना नको आहे, अक्का."

"काय नको आहे?"

"तिनं काक्का म्हणायला."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग तिनं हळूहळू सांगितलं. तिचे सासरे ऑक्टोबरात वारले. दहाव्याला तिरुवैयारला कावेरीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. दोन तास सगळे उन्हात बसले. तिच्या नवऱ्यानं, शेषगिरीरावांनी, हात जोडून काय काय कबूल केलं, तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. पंधरा दिवसांनी घरी, रोजच्यासारखा जेवणाआधी कावळ्याला भात ठेवला, तेव्हा हरिप्रिया ओरडली, 'तात्ता, वा,' म्हणजे आजोबा, या. आणि कावळा लगेच येऊन बसला, खाऊन गेला. तेव्हापासून शेषगिरीराव रोज तिला घेऊन मागच्या दारी जातात. ती हाक मारते, तो येतो. विशालाक्षीनं वही काढली की ते म्हणतात, राहू दे, उद्या.

एकीकडे मुलगी तहानेनं सुकतेय आणि दुसरीकडे बापाला तिचा दोष जपून ठेवायचाय, लोणच्यासारखा. "रविवारी मी घरी येते," मी म्हटलं. "त्यांना सांगू नका."

रविवारी दहाच्या सुमारास मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा शेषगिरीराव मागच्या अंगणात विहिरीपाशी केळीच्या पानाच्या तुकड्यावर भात-तूप कालवत होते. सडपातळ, चष्मेवाला, शांत माणूस. टेलिफोन खात्यात, परगावचे कॉल जोडून देणाऱ्या ट्रंक एक्सचेंजवर. मला बघून उठले, "या अक्का, बसा," म्हणाले, कॉफी सांगितली. ते माझ्याहून मोठे, तरी अक्का. एवढी अदब बघून भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत होते. पण मी भांडलेच.

"तुम्ही शिकलेले," मी म्हटलं. "तुमच्या मुलीला त्या कावळ्यात आजोबा दिसत नाहीत. तिला कावळाच दिसतो. तिची जीभ पुढं लागते म्हणून काक्काचा तात्ता होतो. ती कानाला तान म्हणते, मग कान म्हणजे गाण्याची तान झाली का?"

"ठाऊक आहे मजला," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"ते सगळं. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. "मग वही का उघडू देत नाही?"

ते भात कालवत राहिले. मग म्हणाले, "वीस वर्षं ट्रंकवर काढली, अक्का. आता गल्लोगल्ली एसटीडी झाली, आमचं काम आटलं. पण त्या काळी रंगूनहून बोलणारा असो, दुबईहून, खरखर कितीही असो, मला कळायचं. दुसऱ्यांना न कळलेले कॉल माझ्याकडे द्यायचे." त्यांनी भाताचा गोळा केला. "अण्णांस, माझ्या वडलांस, लकवा झाला, तोंड वाकडं झालं. तीन महिने पडून होते. एकच काहीतरी म्हणायचे. आळ, का आड, असं काही. मी पाणी दिलं. चष्मा दिला. देवाची तसबीर आणून धरली. मान हलवायचे, नव्हे. परत तेच म्हणायचे. एक दिवस ड्यूटीला उशीर होत होता. मी ओरडलो, 'अण्णा, नीट बोला की जरा.' त्यावर ते गप्प झाले. दुपारी मला एक्सचेंजवर निरोप आला."

मागं विशालाक्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"नीट बोल, असं मी एका माणसाला म्हटलं," ते म्हणाले. "आता कुणालाच म्हणवत नाही. ती वही उघडली की तेच म्हणावं लागतं. नीट म्हण. परत म्हण. नाही जमत."

माझा राग कुठं जावा हे रागालाच कळेना. चडफडले मी. गुरुवारपासून ज्या माणसाच्या नावानं बोटं मोडली, त्याच्यावर धड चिडताही येईना. पण आत हरिप्रिया होती, आणि उद्या सोमवार होता.

"ती शाळेत पाणी पीत नाही, हे माहीत आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी वर बघितलं. माहीत नव्हतं. विशालाक्षीनं त्यांना फक्त 'शाळेत बोलत नाही' एवढंच सांगितलं होतं, वडील गेल्याच्या दुःखात आणखी भर नको म्हणून. मी सगळं सांगितलं. कक्कूसचं, तीनदा म्हटल्याचं, बाई हसल्याचं. सांगताना आवाज चढला माझा. त्यांनी हात धुतले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तीनदा म्हणाली?" एवढंच विचारलं.

"तीनदा."

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "काय करू, सांगा."

"नीट बोल म्हणायची गरज नाही," मी म्हटलं. "उलटं करायचं. ती जे म्हणेल तेच खरं धरायचं. ती तात्ता म्हणाली की तात्ताच समोर आणायचा. तिला कळलं पाहिजे की समोरच्याला कळत नाहीये, आणि कळवायची रीत तिच्या हातात आहे. ती तिला येते. मी शिकवलीय. तुम्ही फक्त न समजल्यासारखं करा."

"न समजणं मजला जमतं, अक्का," ते म्हणाले.

ते आत जाऊन भिंतीवरचा अण्णांचा फोटो काढून घेऊन आले. हार तसाच होता. हरिप्रियाला हाक मारली. ती उड्या मारत आली, भाताचं पान विहिरीच्या कठड्यावर ठेवलं, आणि समोरच्या नारळाकडे बघून ओरडली, "तात्ता, वा."

शेषगिरीरावांनी फोटो तिच्यापुढं धरला. "हे घे. आले तात्ता."

तिनं फोटोकडे बघितलं, बापाकडे बघितलं. "हे नव्हे. तात्ता." झाडाकडे हात केला.

"हेच तात्ता."

"नव्हे, अप्पा. तात्ता."

"तात्ता म्हणालीस, तात्ता आणले," ते म्हणाले. फोटो खाली घेतला नाही. "आणखी कोण हवं?"

पोरीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हीही गप्प बसणार, आणि मीच घाव घातला असं होणार. मी पुढं होणार एवढ्यात तिनं पाय आपटला, तर्जनी तोंडात घातली, जिभेचं टोक दाबून धरलं आणि डोळे मिटून जोर लावला. "का. का." मग बोट काढलं. "काक्का. तात्ता नव्हे. काक्का."

दोन्ही शब्द स्वच्छ. तात्ताचा त तसाच, काक्काचे सगळे क जागच्या जागी. म्हैसूरच्या परीक्षेत ठेवावा असा नमुना.

शेषगिरीराव तसेच उभे होते. झाडावरचा कावळा खाली आला, कठड्यावर बसला, भातात चोच घातली.

"तात्ता नव्हे," हरिप्रियानं परत त्यांना समजावलं, फोटोवर हात ठेवून. मग कावळ्याकडे बोट करून, "काक्का."

"कळलं," ते म्हणाले.

तिला इतकं बरं वाटलं, की कुणालातरी कळलं. ती त्यांच्याभोवती फिरायला लागली, आणि दर फेरीला तेच. तात्ता नव्हे, काक्का. तात्ता नव्हे, काक्का. आणि दर वेळी ते उत्तर देत होते, कळलं. कळलं गं. फोटो त्यांनी छातीशी धरला होता आणि चष्म्याखालून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. चार वर्षांत एका पोराचा बरोबर उच्चार मी कधी थांबवला नव्हता, पण त्या दिवशी मला धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

"हरिप्रिया," मी म्हटलं, "पुरे आता, बाळ."

"नको, अक्का," शेषगिरीराव म्हणाले. "म्हणू दे तिला."