सूपवरचे बदाम

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, आणि जुन्या वस्तूंनी गुपचूप पडून राहावं हे मला अजून जमलेलं नाही. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे. बॅटरी अर्धा तासही धड टिकत नाही. तरी कोणी चार्जरला लावलं की माझा जीव खालीवर होऊ लागतो. असं का होतं, ते सांगतो.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक हॉलमध्ये झाला. तिथे हातमोजे घातलेल्या बायका रांगेने बसत. एकीने माझा कॅमेरा बसवला, दुसरीने एका रंगीत कार्डाचा फोटो काढून तो तपासला आणि मला बाजूच्या ट्रेमध्ये ठेवलं. मग खोक्यात बसून मी दुकानात आलो आणि तिथून एका मालगाडी चालवणाऱ्या माणसाच्या खिशात. त्याने मला दोन वर्षं वापरलं, एकदा इंजिनाच्या पायरीवरून पाडलं, आणि नवा मोबाइल घेतल्यावर बायकोला देऊन टाकलं. “कॅमेरा बरा आहे याचा,” एवढंच म्हणाला. माझी ही पहिली स्तुती. ती मी पुष्कळ दिवस जपून ठेवली होती.

त्याच्या बायकोला घरात सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणतो. ती एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला होती. माझी जागा तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात. तिथे दिवसभर उकडलेल्या बटाट्यांची वाफ यायची आणि मोठ्या कढयांचा खणखणाट ऐकू यायचा.

घरी तिचे सासरे होते, आप्पा. ते आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले. मग एके दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गिळणं अवघड झालं. घोटभर पाण्यानेही ठसका लागायचा. गिळण्याचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी वहिनीला बजावलं होतं, “पातळ द्यायचं नाही, कोरडं द्यायचं नाही, कण तर अजिबात नाही. चमच्यावरून सावकाश घसरेल असंच द्या. नाहीतर ते श्वासनळीत जाईल.”

वहिनी कामाला लागली. भोपळा, गाजर, मटार, मासे, पाव, जे दिसेल ते ती शिजवायची, वाटायची, गाळायची आणि आधी स्वतः जीभ टाळूला लावून तपासायची. आप्पांना बोलता येत नसे, पण चव आवडली नाही तर ते डोळे मिटून घेत. तेवढ्यावर ती ओळखायची. चार महिन्यांत आप्पांचे गाल भरले. तेव्हा तिच्या मनात आलं की असे आप्पा घरोघरी असतील. कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसून, कामाची पाळी संपल्यावर, तिने माझ्यावरच टाइप करून ब्लॉग सुरू केला. त्याचं नाव ‘मऊ घास’.

आठ महिन्यांत तिला अकरा वाचक मिळाले. त्यांतले चार नात्यातले होते आणि एक ती स्वतः.

तिची नणंद दर रविवारी यायची. वहिनी तिला गमतीने ‘वन्सं’ म्हणायची. वन्संचं कामच मोठं वेगळं होतं. खाण्यापिण्यावर लिहिणाऱ्यांना वाचक मिळवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती नोकरीला होती. कुठला फोटो कुठल्या साइटवर टाकला की लोक थांबतात, कुठली ओळ वाचून लिंकवर बोट ठेवतात, हे तिला पाठ होतं. एका रविवारी तिने मला हातात घेतलं, वहिनीचे फोटो एकामागून एक पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“वहिनी, हे सूप आहे की भिंतीला लावायचा रंग?”

“सूप आहे. आप्पांनी वाटीभर संपवलं.”

“ते मला माहीत आहे. जगाला कसं कळणार? तू लिहितेस सोन्यासारखं, पण दाराला कडी लावून आत बसली आहेस.”

मग शिकवणी सुरू झाली. फोटो उभा काढायचा, कारण लोक मोबाइल उभा धरतात. दिवा बंद करून खिडकीशी यायचं. पदार्थाचं आणि ब्लॉगचं नाव फोटोवरच मोठ्या अक्षरांत लिहायचं. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांचे ग्रुप शोधायचे, तिथे नुसती लिंक टाकून पळायचं नाही, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. वन्सं सांगत होती आणि वहिनी पाटीवर गिरवल्यासारखं माझ्यावर सगळं टिपून घेत होती. माझ्या कॅमेऱ्याची काच पहिल्यांदा कोणी मऊ फडक्याने पुसली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी सुखावलो.

त्याच दिवशी भोपळ्याच्या सूपचा फोटो नव्याने काढायचा ठरला. पांढरी वाटी, खिडकीचा उजेड, सगळं जमलं होतं, पण वन्संचं समाधान होईना. तिने डबे उघडून पाहिले आणि बदामाचे पातळ काप भाजून सूपवर पेरले. रंग एकदम उठून दिसला.

“अगं, बदाम आप्पांना चालत नाहीत,” वहिनी म्हणाली.

“फोटोपुरते गं. खाली लिही की काढून टाका म्हणून.”

वहिनीने लिहिलं. कृतीच्या अगदी शेवटी, एका ओळीत. ‘वरचे बदाम फक्त फोटोसाठी आहेत, वाढण्यापूर्वी काढावेत.’ ती ओळ माझ्यावरच टाइप झाली, म्हणून मी ती जशीच्या तशी सांगू शकतो.

तो फोटो फोटो-शेअरिंगच्या साइटवर गेला आणि तीन दिवसांत सुसाट सुटला. शंभर लोकांनी शेअर केला, मग हजार, मग चाळीस हजार. माझा थरथराट थांबेना. दवाखान्यात भाजी निवडताना, जिन्यावर, बसच्या रांगेत वहिनीचा हात दर दोन मिनिटांनी खिशात यायचा. पूर्वी ती मला कामासाठी उचलायची. आता उचलायची, बघायची, ठेवायची आणि पुन्हा उचलायची. आकडा वाढलेला असला तरी तिला चैन नसे, थांबलेला असला तर त्याहून नसे. मीही तिच्यासारखाच झालो होतो. दुसऱ्या कोणाचा मोबाइल वाजला तरी मला वाटायचं, आपल्यालाच बोलावणं आलं.

एक दुपार मला विसरता येत नाही. ती आप्पांना भरवत होती. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात मी. कोणीतरी कमेंट केली म्हणून ती वाचू लागली आणि चमचा वाटेतच थांबला. आप्पा तोंड उघडून वाट बघत होते. माझा मागचा कॅमेरा त्यांच्याकडे होता. किती तरी वेळाने त्यांनी तोंड मिटलं आणि मान खिडकीकडे वळवली. वहिनीला ते दिसलं नाही. मला दिसलं, पण मला सांगता कुठे येतं?

त्यानंतरच्या आठवड्यात निरोप आला. वहिनी स्वयंपाकघरात गाजरं मोजून घेत होती. पाठवणारी शिवणकाम करणारी एक बाई होती, दूरच्या गावातली. तिने लिहिलं होतं, ‘तुमच्या सूपचा फोटो मला मैत्रिणीने पाठवला. फोटोवर मऊ घास लिहिलं होतं म्हणून आईसाठी केलं. जसं दिसलं तसं केलं. बदाम घशाखाली उतरले नाहीत. आईचा श्वास कोंडला. ती दवाखान्यात आहे. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.’

वहिनी गाजरांच्या क्रेटवर बसली. मग तिने टाइप केलं, ‘पण मी खाली स्पष्ट लिहिलं होतं.’ आणि पुसलं. पुन्हा टाइप केलं, ‘फोटोबरोबर लिंकही दिली होती, तुम्ही कृती वाचली असती तर.’ तेही पुसलं. तिसऱ्यांदा नुसतं ‘मी’ लिहिलं आणि थांबली. हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. फक्त मला ठाऊक आहे. माणसं जे पाठवतात ते जगाला कळतं, पण जे पुसतात ते आमच्याजवळ राहतं.

शेवटी तिने नंबर मागितला आणि फोन केला.

“ते बदाम मी घातले होते,” वहिनी म्हणाली. “फोटो चांगला दिसावा म्हणून.”

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

“म्हणजे ते कोणी खाणारच नव्हतं?”

“नाही.”

“मला वाटलं, तुम्ही घरात करता तसंच आहे.” बाईचा आवाज चढला नव्हता. “आईला बघायला जायचंय. ठेवते.”

संध्याकाळी वहिनीने वन्संला बोलावून घेतलं आणि निरोप दाखवला. वन्सं वाचता वाचता खाली बसली.

“मी फोटो काढून टाकते,” वहिनी म्हणाली.

“काढ. पण त्याने काय होणार? चाळीस हजार लोकांनी तो आपापल्या पानावर लावलाय. त्यांच्याकडून तो निघणार नाही. ओळ तुझ्या ब्लॉगवर राहिली आणि फोटो एकटाच गावोगाव गेला.” मग मला खाली ठेवून ती म्हणाली, “बदाम माझी कल्पना होती.”

“वाटी माझी होती, वन्सं. आणि कण श्वासनळीत गेला तर काय होतं, ते मला माहीत होतं. तुला नव्हतं.”

मग वन्सं उठली, खिडकीशी गेली आणि म्हणाली, “ज्या वाटेने तो गेला, त्याच वाटेने दुसरा पाठवायचा. एवढं तर मला येतं.”

वहिनीने पुन्हा सूप केलं. या वेळी वर काहीही पेरलं नाही. मी फोटो काढला. त्यावर मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, ‘या सूपवर बदाम घालू नका. आधीचा फोटो चुकीचा होता. चूक आमची.’ खालच्या ओळीत सूप किती दाट हवं ते लिहिलं. कुठलाही कोपरा कापला तरी अक्षरं कापली जाणार नाहीत, अशी ती वन्संने मधोमध बसवली. मग दोघींनी आधीचा फोटो शेअर करणाऱ्यांपैकी जमेल तितक्यांना एकेक करून निरोप पाठवायला घेतले. सहा दिवस हे चाललं. मी इतका तापायचो की वहिनी मला ओल्या फडक्यावर ठेवायची. साइटने दोनदा अडवलं, कारण एवढे निरोप माणूस पाठवत नाही असा तिचा समज. काहींनी लगेच फोटो बदलला. काहींनी ‘एवढ्याशा बदामांचं काय’ म्हणून उडवून लावलं. पुष्कळांनी उत्तरच दिलं नाही. तेवढे सहा दिवस आप्पांना भरवण्याच्या वेळी वहिनीने मला बाहेरच्या खोलीत ठेवलं. ती सवय तिने पुढेही मोडली नाही.

नवा फोटो नऊ हजार लोकांनी शेअर केला. वन्संच्या कंपनीत कोणी म्हणालं, माफीचा फोटो एवढा चालला हेच विशेष. पण मला वजाबाकी येते, मित्रांनो. उरलेले अजून फिरत आहेत. कुठल्या तरी घरात कोणी तरी खिडकीशी उभं राहून बदाम भाजत असेल, असं वाटलं की मला बंद असतानाही बंद वाटत नाही.

काही वाचक गेले, पण जे राहिले ते कृती वाचणारे होते. ते प्रश्न विचारत, आपल्या माणसाला काय गिळता आलं ते कळवत. वन्संने आपल्या कामाची रीत बदलली. खाण्यावर लिहिणारा नवा माणूस आला की ती आधी विचारायची, “हे तू घरी असंच वाढतोस का?” हो म्हणाला तर पुढचं शिकवायची. त्यामुळे तिचे साहेब तिच्यावर थोडे नाराज असत, असं ती हसून सांगायची.

दहा दिवसांनी त्या बाईची आई घरी आली. हे वहिनीला कळलं, कारण ती रोज एकदा विचारायची आणि बाई कधी एका शब्दात उत्तर द्यायची, कधी देतच नसे. महिना उलटला. मग एके सकाळी बाईने स्वतःहून एक फोटो पाठवला. आडवा, हललेला, अर्धा अंधारातला. एक म्हातारी बाई, हनुवटीखाली रुमाल, पुढ्यात रिकामी वाटी. ओठाच्या कडेला थोडं सूप लागलेलं.

वहिनीने तो खूप वेळ पाहिला. मग लिहिलं, ‘हा ब्लॉगवर लावू का? लोकांना धीर येईल.’

उत्तर आलं, ‘नको. हा तुमच्यासाठी आहे.’

पुढे माझी बॅटरी खालावली. वहिनीने नवा मोबाइल घेतला. सगळे फोटो त्यात गेले, पण हा तिने हलवला नाही. का, ते मला माहीत नाही. मला स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे ठेवलं आहे. महिन्यातून एकदा ती मला चार्जरला लावते, तो फोटो उघडते, आणि माझा पडदा विझेपर्यंत हात पुसत उभी राहते.

मित्रांनो, तुमच्याही हातात माझ्यासारखा कोणीतरी असेल. त्याच्यावरून रोज कितीतरी पुढे जाईल. जरूर पाठवा, चांगलं लिहिणाऱ्याला वाचक मिळालेच पाहिजेत. पण पाठवण्याआधी शेवटची ओळ वाचा, आणि ती ओळ मागे राहू देऊ नका. फोटोपलीकडे कोणी तरी तोंड उघडून बसलेलं असतं. आणि एखादा फोटो असाही असू द्या, जो तुम्ही कोणालाच पाठवणार नाही. माझ्याजवळ तसा एक आहे. त्याला एकही लाइक नाही. माझी काच फुटली, रंग उडाला, सगळं गेलं तरी चालेल, पण तेवढा मला सांभाळू द्या.