टेसाच्या काचेवरची टोलची डबी

मी टेसा ब्रॅनिगनच्या गाडीच्या काचेवर चिकटलेली टोलची डबी; गाडी टोलच्या कमानीखालून गेली की पैसे मीच कापून घेते. आरशाच्या मागे असते, म्हणून माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुमचं जावं, एवढ्यासाठी बोलतेय.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. शुद्धीवर आले ती एका चंदेरी पिशवीत. पिशवीवर छापलं होतं, की डबी नको असेल तेव्हा यात ठेवा, म्हणजे तिला काही कळणार नाही. जन्मतःच असं वाचायला मिळालं, की माणसांकडून फार अपेक्षा राहत नाहीत.

मला एक खटका आहे. डावीकडे ‘एकटे’, उजवीकडे ‘तिघे’. वुडब्रिजहून वॉशिंग्टनला जाणाऱ्या हमरस्त्याच्या मधोमध काही लेन वेगळ्या काढल्यात. गाडीत तिघं असली तर तिथून फुकट जाता येतं. एकटं असलं तर टोल, आणि गर्दी वाढेल तसा तोही वाढतो. फलकावरचा आकडा बघून टेसा म्हणते, “एवढ्यात ज्युनीचे बूट आले असते.” ज्युनी तिची मुलगी, चौदा महिन्यांची. घरी बूट चार जोड आहेत.

टेसाचा नवरा नौदलात, बहुतेक जहाजावर. ती एकटी असली की खटका डावीकडे आहे ना, हे तीनदा बघते. मग चौथ्यांदा बघते, कारण तीनदा बघताना हात लागून तो सरकला असेल तर?

तिसरं माणूस कुठून आणायचं, यावर इथल्या लोकांनी पन्नासएक वर्षांपूर्वी तोड काढली. वाहनतळावर अनोळखी माणसं रांग लावून उभी राहतात. गाडी थांबते, पुढचे दोघं बसतात, शहरात उतरतात. पैसे द्यायचे नाहीत. चालवणाऱ्यानं विषय काढल्याशिवाय बोलायचं नाही. नाव-गाव विचारायचं नाही. आणि रांगेत बाई एकटी मागे राहू द्यायची नाही. हे नियम कुठेही लिहिलेले नाहीत, म्हणून सगळे पाळतात.

ज्युनीला पाळणाघरात सोडलं की टेसा रांगेपाशी यायची. मंगळवारी आणि गुरुवारी बहुधा तेच दोघं मिळायचे. पुढे बसायचे एक काका, कोटावर ‘आगगाडी वाढवा’ असा बिल्ला. मागे, बाळाच्या खुर्चीशेजारी, लष्करी गणवेशातली एक बाई.

एकदा टेसानंच बिल्ल्याबद्दल विचारलं. काका वाटच बघत होते.

“पोरी, मांडव वाढवला की पाहुणे वाढतात. दहा लेन कर, दहाही भरतील. आगगाडी हवी, आगगाडी!”

“मग तुम्ही का जात नाही आगगाडीनं?”

“शेवटची सकाळची गाडी आठच्या आत जाते. माझी बैठक दहाला. मधे काय कबुतरं मोजू?”

मागून बाई म्हणाली, “बैठक कसली असते?”

“आगगाड्या वाढवण्याची.”

टेसा हसली नाही. “सकाळी जायला गाड्या, संध्याकाळी यायला गाड्या. दुपारी पोर आजारी पडलं तर मी यायचं कसं?”

“म्हणून तर दुपारची गाडी मागतोय!”

“ती येईपर्यंत ज्युनी कॉलेजात जाईल, काका.”

मग एका बुधवारी अकरा वाजता टेसा ऑफिसातून धावत गाडीत येऊन बसली. फोन कानाशीच होता. पलीकडे पाळणाघराच्या मिस डोलोरेस.

“ताप एकशे दोन आहे. तासाभरात कुणी आलं नाही तर नियमाप्रमाणे मला रुग्णवाहिका बोलवावी लागेल. तुझ्याऐवजी ज्युनीला न्यायला फॉर्मवर दुसरं नाव कुणाचं दिलंयस?”

“बहिणीचं. ओहायोत असते.”

“ओहायोहून यायला आठ तास लागतात, टेसा. जवळचं कुणीच नाही?”

“नाही.”

तिनं माझा खटका डावीकडे ओढला. “कितीही घे,” ती मला म्हणाली. माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

मी काय घेणार? मधल्या लेन सकाळी शहराकडे वाहतात आणि दुपारनंतर उलट्या. मधला काही वेळ त्या उलटवण्यासाठी बंद असतात. फाटक खाली होतं. पलीकडे सगळा रस्ता रिकामा, झाडून ठेवल्यासारखा. अलीकडे आम्ही, एका दुधाच्या टँकरच्या मागे. पुढची आगगाडी थेट संध्याकाळची. आगगाडी आणि मी, आम्हा दोघींपैकी कोण बरी, यावर सभागृहांतून वर्षानुवर्षं भांडणं झालीत. त्या घटकेला दोघीही कामावर नव्हतो.

टेसा रडत नव्हती. टँकरवरचा दुधाचा भाव पुन्हापुन्हा मोठ्यानं वाचत होती.

पोचायला सव्वा तास लागला. मिस डोलोरेस पाळणाघराच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, ज्युनी खांद्यावर झोपलेली, गाल लाल. रुग्णवाहिका नव्हती.

“तास होऊन गेला...” टेसा म्हणाली.

मिस डोलोरेसनी मनगट पाहिलं. “माझ्या घड्याळात पाच मिनिटं बाकी आहेत. पण जवळचं नाव आणून दे. पुढच्या वेळी घड्याळ बरोबर चालेल.”

ज्युनी बरी व्हायला सोमवार उजाडला. मंगळवारी पाळणाघराचा कोरा फॉर्म काचेखाली, माझ्यासमोर पडलेला. नेहमीचे दोघं बसले. दोन मैलांवर टेसानंच विषय काढला.

“काका, गेल्या बुधवारी दुपारी बाराला तुम्ही कुठे होता?”

“घरी. टोमॅटोला पाणी घालत होतो. का गं?”

“घर कुठे?”

काकांनी तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न गाडीत कुणी विचारत नाही.

“चर्चच्या मागे. ते पाळणाघर आहे ना, त्याच्या कुंपणाला लागून.”

टेसानं स्टिअरिंग घट्ट धरलं. मग सगळं सांगितलं, ताप, फाटक, टँकर. शेवटी म्हणाली, “वर्षभर शेजारी बसताय. तुमचं नाव काय?”

“वेंडेल प्रुइट,” काका म्हणाले. “मला चालत चार मिनिटं लागली असती, पोरी. गुडघा धरून सहा.”

मागची बाई खाकरली. वाटलं, आता नियमाची आठवण करून देणार.

“फॉर्मवर किती ओळी आहेत?” तिनं विचारलं.

“तीन.”

“मग माझंही लिही. मर्सी अडेयेमी. बुधवारी मला सुट्टी असते.”

शहरात उतरण्याआधी काकांनी फॉर्म गुडघ्यावर घेऊन दोन्ही नावं स्वतः लिहिली, फोन नंबरांसकट. तिसऱ्या ओळीत टेसानं पुन्हा ओहायोच लिहिलं. बहिणीला वाईट वाटलं असतं.

आता माझी बॅटरी उतरत आलीय. ती बदलता येत नाही, मलाच बदलतील. दुपारची आगगाडी सुरू झाली तर माझी गरजही संपेल, त्याला माझी हरकत नाही. तुम्ही लेन मागा, आगगाडी मागा, भांडा. फक्त भांडताना कुणीतरी विचारा, की दुपारी बाराला काय चालू असतं? आणि गाडीत शेजारी कोण बसलंय, तेही विचारा. मला विचारता येत नाही. मी फक्त तिघं आहेत एवढंच कळवू शकते.